ओळीत न बसलेली जाळी

आमच्या घरात सामानापेक्षा कागद जास्त होता. आई शहरातल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायची. छापताना बिघडलेली, शाई पसरलेली, वाकडी कापली गेलेली पत्रकं ती गठ्ठ्यांनी घरी आणायची. डब्यांखाली फळीवर पत्रकं, पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन अडवायला पत्रकं, चूल पेटवायला पत्रकं. मी अक्षरं शिकले ती शाळेत जायच्या आधी, संपाच्या आणि मोर्चांच्या त्या गुलाबी-पिवळ्या कागदांवरून. 'कमळ' वाचायच्या आधी मला 'धिक्कार' वाचता येत होतं. दादांची, म्हणजे वडिलांची, डब्यातली भाकरीसुद्धा पत्रकातच बांधलेली असायची. त्याला मात्र आईचा एक नियम होता: कोरी बाजू आत. छापलेली बाजू आत गेली की ओली शाई भाकरीला लागते. "शाई पोटात जाऊ देऊ नाय," ती म्हणायची. मला वाटायचं, गेली तर बरंच, माणूस पेटेल तरी.

आम्ही चितेगावला राहायचो, पैठण रस्त्यावर. कारखाने नुकते कुठे उभे राहत होते आणि रस्त्याच्या कडेने धरणापासून औरंगाबादपर्यंत पाण्याचा मोठा पाइप गेला होता. शहर त्या वर्षांत फुगत चाललं होतं. दर दिवाळीला आईला छापखान्यापर्यंत जाताना एक नवी वसाहत लागायची. दुष्काळाचं दुसरं की तिसरं वर्ष चालू होतं. गावच्या विहिरींनी तळ दाखवला होता, आणि आमच्या दारावरून मात्र पाणी रात्रंदिवस शहराकडे चाललेलं. उन्हाळ्यात आम्ही पोरं त्या पाइपाला गाल लावून बसायचो. तो गार असायचा. कान लावला की आतून घरघर ऐकू यायची, जशी एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटातून यावी. तहान लागलेली असताना ते ऐकणं काय असतं, हे मी पुढे पुष्कळ सभांमध्ये सांगितलं. टाळ्याही मिळाल्या. पण त्या पाइपाच्या दुसऱ्या टोकाला दादा होते, हे सांगायचं मी टाळत आले.

दादा धरणाच्या काठच्या पंपघरात कामाला होते. त्यांचं सगळं घराणं मेंढरांमागे फिरलेलं, फुलंब्रीच्या पलीकडच्या माळांवर. ते स्वतः सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत कळपामागे होते. नंतर मेंढरं गेली आणि ते मजुरी करत करत पंपापाशी येऊन थांबले. पण कान मेंढपाळाचेच राहिले. पंपाचा आवाज जरा बदलला की ते जेवणावरून मान वर करायचे, जशी रानात लांडग्याची चाहूल घ्यावी. घरी यायचे तेव्हा अंगाला ग्रीसचा वास असायचा. आई येसर आमटी करायची, भाकरी कुस्करून ते ती संथपणे खायचे, आणि जेवताना कोणी घाईने बोललं तर म्हणायचे, "एकेक घास, एकेक गोष्ट." मी नेहमीच घाईने बोलायचे.

त्या वर्षी धरणाचं पाणी इतकं मागे हटलं की पंपाच्या विहिरीचं तोंड कोरडं पडलं. मग गाळातून एक अरुंद चारी खोदून उरलेल्या पाण्यापर्यंत नेली. सगळं शहर त्या चारीतून प्यायला लागलं. उरलेल्या पाण्यात धरणातले सगळे मासे एकवटले होते, आणि चारी इतक्या जोरात ओढायची की त्यांची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, झुंडीने आत खेचली जायची. पंपात त्यांचा लगदा व्हायचा. आई सांगायची, शहरातल्या नळाला मच्छीबाजाराचा वास येतोय. काठावर गिरजामावशी राहायची. भोयाची बाई, नवरा गेल्यापासून स्वतः तराफ्यावर उभी राहून जाळं टाकणारी. ती एकदा आमच्या दारात आली आणि पदरातली ओंजळभर मेलेली बोटुकली तिने ओट्यावर ठेवली. "ही औंदाची पिल्लं न्हाईत, सखारामभाऊ," ती दादांना म्हणाली. "ही माजी पुढची तीन वर्षं हायेत."

दादा तिला घेऊन हमीदचाचांच्या वर्कशॉपमध्ये गेले. मीही गेले. मी तेव्हा शहरात कॉलेजला होते आणि जिथे अन्याय तिथे आपण असलंच पाहिजे, असं मला वाटायचं. हमीदचाचा कारखान्यांची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावरचा वेल्डिंगचा चष्मा आणखी वर सरकवला.

"बारीक जाली मंगताय ना? आधे दिन का काम है. चारी के मुँ पे ठोक देते. कायकू इत्ता सोचना?"

"बारीक तर पाह्यजेच," दादा म्हणाले. "पर आडवी नको."

"जाली आडवीच रैती, सखाराम. तेरे गाव में खडी रैती क्या?"

दादा हसले नाहीत. त्यांनी वाघरीची गोष्ट सांगितली. वाघर म्हणजे मेंढरं रात्री बसवतात त्या वाड्याभोवतीची दोरीची जाळी. ते लहान असताना एकदा वाड्यात लांडगा शिरला. मेंढरं भिऊन एका बाजूला पळाली आणि वाघरीवर जाऊन आदळली. मागच्यांचा रेटा पुढच्यांवर. "लांडग्यानं दोन नेली," दादा म्हणाले. "वाघरीनं अकरा. जाळीत अडकून न्हाई, जाळीवर दबून मेली. तवापासून माझा बाप वाघर कधी सरळ लावायचा न्हाई. तिरकी लावायचा, आन् टोकाला वाट सोडायचा. मेंढरू तिरक्या जाळीवर धडकत न्हाई, तिच्या कडंकडंनं चालतं आन् वाटंनं भाईर पडतं."

"और मच्छी भी मेंढी है, क्यों?"

"रेटा तोच हाय, हमीदभाई. तिथं मेंढराचा, हितं पाण्याचा."

गिरजामावशी पुढे आली. तिने कोपऱ्यातलं ज्वारीचं चिपाड उचललं, बोटभर तुकडा मोडला. "म्या चारीत हे टाकून बघितलंय," ती म्हणाली. "टाकलं की दिसंनासं हुतं. बोटुकलीला तितकं पळायचं बळ नस्तं. जाळीपाशी पाणी असं पाह्यजे, की एका श्वासाला चिपाड एक वीत सरकंल. लई जालं तर दीड. त्याच्या वर पिल्लू हरतं." आणि तिने श्वास घेऊन, जमिनीवर वीत टाकून दाखवली.

हमीदचाचांनी चष्मा डोक्यावरून काढूनच ठेवला. बराच वेळ ते त्या वितीकडे बघत होते. "तो फिर लंबी बनाना पडता," ते हळू म्हणाले. "चारी के मुँ में नक्को. बाहर, खुले पानी में. तिरछी. चारी की दस गुना लंबी. जित्ती लंबी जाली, उत्ता सुस्त पानी."

दादांनी खिशातून भाकरीचा कागद काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर हमीदचाचांनी खडूने ती जाळी काढली. अँगलच्या चौकटी, एकीला एक जोडलेल्या, उघड्या पाण्यात तिरकी गेलेली लांबच लांब रेघ, आणि टोकाला मासळीची वाट. तिघंही त्या कागदावर वाकले होते. एक मेंढपाळ, एक लोहार, एक भोईण. आज मागे वळून बघताना मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी पाहिलेली सर्वांत खरी सभा तीच होती. तिला कोणी सभा म्हटलं नाही आणि त्यात मी एक शब्दही बोलले नव्हते. तेवढंच मला सहन झालं नाही.

दोन दिवसांत मी पत्रक लिहिलं. मथळा होता: 'मासे मरतात, भोई मरतात, शहर पितं'. आजही तो मथळा मला आवडतो, हे मान्य केलं पाहिजे. खाली तीन मागण्या. तिसरी होती: 'करंगळी जाणार नाही अशी बारीक जाळी चारीच्या तोंडाला ताबडतोब बसवा.' आईने छापखान्यात ते जुळवायला घेतलं तेव्हा मी शेजारी उभी होते. तिची बोटं खिळ्यांच्या घरांवरून फिरत होती, एकेक अक्षर उलटं उचलत होती. तिसऱ्या मागणीपाशी ती थांबली.

"दादा तर तिरकी म्हणत हुते. आन् लांब. ते कुठंय?"

"ते ओळीत बसत नाही, आई. एका मागणीला एक ओळ. तूच शिकवलंस."

"दोन ओळी कर की मग."

"दोन ओळींची मागणी कोणी ओरडून म्हणत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. ती कमी शिकलेली होती, पण वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं हातांनी उचलत आली होती. कोणतं वाक्य जड आहे आणि कोणतं नुसतंच मोठ्याने बोलतंय, ते तिला बोटांना कळायचं. "शांते," ती म्हणाली, "ज्यानं जाळी लावायची, त्यो वरडून न्हाई लावत. वाचून लावतो." आणि तिने पुढचा खिळा उचलला. तिचं काम होतं, माझं पत्रक होतं. मी तिला थांबवलं नाही.

पत्रक गाजलं. आम्ही पोरापोरींनी ते बसस्टँडवर, कॉलेजांच्या फाटकावर, लासूरच्या बाजारापर्यंत वाटलं. नळाच्या वासाने कंटाळलेलं शहर आधीच चिडलेलं होतं. आठवड्याभरात पंपघरावर मोर्चा गेला आणि मी चारीच्या कडेला उभी राहून ती तिसरी मागणी म्हटली, आणि शे-दोनशे लोकांनी ती माझ्यामागे म्हटली. किती सोपी होती म्हणायला. दादा पंपघराच्या दारात उभे होते. हातात पाना होता. त्यांनी मागणीचे शब्द ऐकले तेव्हा ते एक पाऊल पुढे आले, मग थांबले. मला वाटलं, अभिमानाने आले.

तिसऱ्या दिवशी पाणीखात्याचे साहेब जीपमध्ये जाळीचं भेंडोळं घालून आले. हे मला नंतर कळलं, दादांकडून नाही, त्यांच्याबरोबरच्या माणसाकडून. दादा साहेबांना म्हणाले, "साहेब, ही आडवी नका लावू. पाण्याचा रेटा लई हाय. हे बघा, चित्र काढलंय," आणि त्यांनी खिशातून तो भाकरीचा कागद काढला. साहेबांनी त्याकडे बघितलंही नाही. त्यांच्याकडे दुसरा कागद होता, गुलाबी. त्यांनी तो दादांना वाचून दाखवला, तिसरी मागणी, शब्दन्‌शब्द. "जनतेची मागणी आहे, सखाराम. आणि खाली नाव तुझ्याच पोरीचं आहे ना?" दादांनी आपला कागद घडी करून परत खिशात ठेवला. घरी आले तेव्हा जेवताना नेहमीपेक्षा हळू जेवले. मला एक शब्द बोलले नाहीत. आणि मी विचारलंही नाही, कारण जिंकलेल्या माणसाला विचारायचं सुचत नाही.

चार दिवसांनी सकाळी गिरजामावशी आली. या वेळी पदरात काही नव्हतं. "चल," एवढंच म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा दादा चारीत कंबरभर पाण्यात होते. जाळी दिसत नव्हती. जाळीच्या जागी चांदीची भिंत उभी होती. लहान-मोठे मासे एकमेकांवर चिकटून, डोकी जाळीच्या भोकांत, कल्ले तारेत, शेपट्या आमच्याकडे. काही अजून हलत होत्या. फटी शेवाळाने आणि बोटुकल्यांनी बुजल्या होत्या, त्यामुळे उरलेल्या फटीतून पाणी आणखी जोरात ओढलं जात होतं, आणि त्यामुळे आणखी मासे येत होते. दादा हातांनी ते ओरबाडून बाजूला टाकत होते. जितके काढायचे तितके नवे येऊन बसायचे. पंपाचा आवाज कुरकुरत होता, पोट रिकामं असल्यासारखा. मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. पहिलाच मासा ओढला आणि त्याचं डोकं जाळीतच राहिलं.

"दादा, पंप बंद करा."

ते थांबले. त्यांच्या हातांना खवले चिकटले होते. मी त्यांना रागावलेलं क्वचितच पाहिलं होतं. तेव्हाही ते रागावलेले नव्हते, आणि तेच अजून माझ्या मनातून जात नाही.

"शहरात आज आठव्या दिशी पाणी सुटायचंय," ते म्हणाले. "तुझी आई खिळं जुळवती त्या गल्लीत बाया कळश्या मांडून बसल्यात. हितं बंद केलं तर तिथं पाणी न्हाई. त्या बी जनताच हायेत का न्हाई?"

मी पुढचा मासा ओढायला वाकले.

"सांग की. पत्रक लिव्हतीस ना. काय करू?"

पाण्याचा रेटा माझ्या पोटऱ्यांना जाळीकडे ढकलत होता. मी तोवर लिहिलेल्या सगळ्या ओळींमध्ये एक बाजू आपली असायची आणि एक त्यांची. इथे एकीकडे मासे होते, दुसरीकडे कळश्या, आणि दोन्ही बाजू आपल्याच होत्या. गिरजामावशी काठावर उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती फक्त माशांकडे बघत होती. मी म्हटलं, "बंद करा." खरं सांगायचं तर ते मी न्याय म्हणून म्हटलं नाही. मला ते बघवत नव्हतं म्हणून म्हटलं.

दादा वर गेले. पंप गप्प झाला आणि रेटा सुटला. एकदम इतकी शांतता झाली की काठावरच्या बगळ्यांचे पंख ऐकू आले. भिंत ढासळली. पुष्कळ मासे तसेच तळाला गेले. काही, फार थोडे, आडवे झाले, वळले, आणि हळूहळू उघड्या पाण्याकडे निघाले. आम्ही तिघं उन्हं डोक्यावर येईपर्यंत जाळीतून मासे सोडवत राहिलो. एक गाभोळीने फुगलेली मादी गिरजामावशीने दोन्ही हातांत धरून पाण्यात उभी केली, तिच्या कल्ल्यांतून पाणी जाईल अशी, आणि ती वाट बघत राहिली. मादी गेली की बुडाली, ते मला दिसलं नाही. मी विचारलं नाही.

घरी येताना मी पाइपाला कान लावला. आत काही नव्हतं. संध्याकाळी आई आली आणि हातपाय न धुताच ओट्यावर बसली. तिने सांगितलं की गल्लीत एका म्हातारीने दुपारपर्यंत वाट बघितली, मग रिकामी कळशी उलटी घालून तिच्यावरच बसून राहिली. कोणी उठवलं तरी उठेना. "म्या माझ्या बाटलीतलं दिलं तिला," आई म्हणाली. "कुणी बंद केलं म्हणून ती शिव्या देत हुती." दादांनी मान खाली घातली. मी पण.

पंप न विचारता बंद केल्याबद्दल दादांना पंपघरातून काढून शहराबाहेरच्या गोदामात टाकलं. तिथे कोरडे पाइप रांगेने पडलेले होते आणि त्यांचं काम ते राखण्याचं होतं. निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. जाळी त्याच आठवड्यात उपटली. दादा आणि हमीदचाचा एकदा इस्त्रीचे कपडे घालून त्यांचं चित्र घेऊन कचेरीत गेले. तिथे त्यांना फाइल दाखवण्यात आली. तीत माझं गुलाबी पत्रक टाचणीने लावलेलं होतं आणि शेजारी साहेबांचा शेरा होता: जनतेच्या मागणीनुसार बारीक जाळी बसवून पाहिली, निरुपयोगी ठरली, सबब विषय बंद. बाहेर आल्यावर हमीदचाचा म्हणाले, "सखाराम, तेरी बेटी की लिखाई इत्ती पक्की है, मिटतीच नै." ते टोमणा म्हणून म्हणाले नव्हते. ते दादांना हसवायला बघत होते. दादांनीच मला हे सांगितलं, कित्येक वर्षांनी, हसत.

त्यानंतरही मी पत्रकं लिहिली, रस्त्यावर उतरले, दोनदा कोठडीत बसले. पेटणं चूक होतं असं मी कधी म्हणणार नाही. शहर तेव्हा गावांच्या तोंडचं पाणी ओढत होतं, आजही ओढतं, आणि जो त्यावर गप्प बसतो त्याच्याशी माझं आजही पटत नाही. पण कुणाच्या तरी नावाने मागणी लिहिताना माझा हात आता अडतो, आणि अडला की मी त्याला अडू देते.

चारीतली बोटुकली पुन्हा पंपात जाऊ लागली. पुढच्या वर्षी तराफ्यावर जाण्यासारखं काही राहणार नव्हतं. गिरजामावशी ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघाली. निघण्याच्या सकाळी ती जाळं घेऊन आमच्याकडे आली, म्हणाली, माळ्यावर ठेवा, उंदरांपासून जपा. आईने तिच्यासाठी चार भाकरी थापल्या. मी चुलीपाशी बसले होते.

"शांते," मावशी म्हणाली, "तुजं ते पत्रक मला एकदा वाचून दाखीव. माज्या नावानं काय लिवलंय ते म्या आजून ऐकलंच न्हाई."

फळीवर एक उरलं होतं. मी ते वाचलं. मथळा, मग पहिली मागणी, दुसरी, तिसरी. माझा आवाज मोर्चातल्यासारखा चढू नये म्हणून मी प्रयत्न करत होते, पण ती वाक्यं हळू वाचायची नव्हतीच. वाचून झालं तरी ती ऐकत असल्यासारखी बसून राहिली.

"आन् फुडं?"

"एवढंच आहे, मावशी."

"श्वासाचं? एका श्वासाला एक वीत, ते?"

"ते ओळीत बसलं नाही."

तिने हात पुढे केला, मी पत्रक तिच्या हातात दिलं. आईने तव्यावरच्या भाकऱ्या तिच्यापुढे ठेवल्या. मावशीने पत्रक मांडीवर पसरलं, छापलेली बाजू वर, आणि त्यावर गरम भाकऱ्या ठेवायला लागली. बाहेर ट्रकने दोनदा हॉर्न वाजवला. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं.

"कोरी बाजू आत घे, मावशी," मी म्हटलं.

तिने भाकऱ्या उचलल्या आणि कागद उलटा केला.